चाचा, तुम्ही चाक माझ्या हातात दिलंत

आदरणीय चाचा,

नमस्कार.

काल पहाटे कातळावरच्या बागेतून अठरा पेट्या घेऊन खाली उतरले. पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, ओलांडून डांबरीला लागल्यावर लक्षात आलं, स्टीअरिंगवर माझा एकच हात आहे. दुसरा मांडीवर निवांत पडलाय. गेलं दीड वर्ष ही जीप मी दोन्ही हातांनी, दात आवळून चालवत होते. घरी येऊन पेट्या उतरवल्या आणि लगेच लिहायला बसले. त्या दिवशी तुमच्या गॅरेजात, तुम्ही जीप दुरुस्त करून दिल्यावर, तुमच्यासमोर बोलायला गेले असते तर रडूच फुटलं असतं, म्हणून पैसे दिले आणि घाईघाईने निघाले. राहिलेलं बोलणं आज लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण आमच्या बाजूला जुन्या फोर बाय फोर जीप अजून पुष्कळ आहेत. माझ्यासारखं कुणी रोज जीव मुठीत धरून त्या चालवत असेल, तर त्याला हे कळायला हवं.

मार्चच्या शेवटी कोल्हापूरला माल घालून परत येत होते. आंबा घाट उतरला, साखरप्याच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, वेग पन्नासच्या आसपास. पुढचं डावं चाक एका खड्ड्यात आदळलं आणि स्टीअरिंग हातातून सुटून असं थरथरायला लागलं की बोटं मोडतात की काय असं वाटलं. पुढचा अख्खा एक्सल नाचत होता. बाजूला माझा बारा वर्षांचा मुलगा बसला होता. समोरून एसटी येत होती. ब्रेक दाबत दाबत गाडी कडेच्या मातीत उतरली, थांबली आणि थरथर एकदम बंद झाली. मुलगा म्हणाला, "आई, आपण चालत जाऊया." साखरपा ते आमचं गाव, चालत!

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. त्याआधी तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकाने टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यांचे सांधे, बदलले. दुसऱ्याने स्टीअरिंग बॉक्स उघडला, शिवाय पुढचे दोन्ही टायर नवे घालायला लावले. तिसऱ्याने अलाइनमेंट करून दिली आणि आठ दिवसांनी मी परत गेले तेव्हा माझ्याकडे न बघता माझ्या दिराला म्हणाला, "जुनी गाडी आहे, वहिनींना नीट चालवता येत नसेल. भंगारात घाला आता." गाडी माझी, बाग मी बघते, बिलं मी भरली. तिघांपैकी एकानेही पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवून बघितलं नव्हतं. पैसे गेले त्याचं मला फार नाही. मला चालवता येत नाही, हे मात्र मी हळूहळू खरं मानायला लागले होते. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले ती टोचन करून. तुम्ही काही विचारायच्या आधी तुमच्या पोराला पाणी आणायला सांगितलंत. मग पुढचं चाक उचललंत आणि मला हाक मारलीत. "ताई, इकडे या. वर एक हात, खाली एक हात. हलवा." मी हलवलं. आतून टक-टक असा ठोका हाताला लागला. तुम्ही पोराला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावलात. "आता हलवा." ठोका तसाच. तेव्हा तुम्ही सांगितलंत, चाकाचं बेअरिंग सैल असतं तर ब्रेक दाबल्यावर हा ठोका गेला असता, कारण ब्रेकने ड्रम मागच्या प्लेटला घट्ट धरला जातो. ब्रेक दाबूनही ढिलेपणा उरतो तेव्हा दोष त्याच्या आत, किंग पिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खुंटीत.

चाचा, तुमचं सगळं काम एकीकडे आणि ती दोन मिनिटं एकीकडे. दोष तुम्ही मला नुसता सांगितला नाहीत, माझ्या तळहाताला लावून दाखवलात. दीड वर्ष जे मला स्टीअरिंगवर जाणवत होतं आणि कुणी मानत नव्हतं, ते तिथे टक-टक वाजत होतं. माझी जीप तीच, महिंद्राने विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीप मुंबईत जुळवायला घेतल्या त्या वळणाची. पण तिच्या चाकाला मी कधी असा हात लावला नव्हता.

पुढचं काम मी बाकावर बसून बघितलं, सगळं कळलं असं म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत. नकल, म्हणजे चाकामागचा वळणारा सांधा, उघडल्यावर आतून ग्रीस निघालं ते ताकासारखं पांढुरकं. सील फाटलेलं, दोन पावसाळे पऱ्यातलं पाणी आत जात होतं. बेअरिंगचा कप, म्हणजे रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी, तुम्ही पुसून माझ्या हातात दिलात, त्यात रोलरच्या रेघा अशा उमटलेल्या की नखाला लागत होत्या. दुसरी गोष्ट तुमचा काटा. मासे तोलायचा असतो तसला स्प्रिंगचा काटा स्टीअरिंगच्या आर्मला अडकवून तुम्ही ओढत होतात, वळायला किती जोर लागतो ते बघायला. बेअरिंगवरची एक पातळ पत्री काढायची, दुसऱ्या जाडीची घालायची, परत ओढायचं. तीन थाऊ, पाच थाऊ, असं स्वतःशीच पुटपुटत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हेही तुम्हीच सांगितलंत. संध्याकाळची अजान झाली, तुम्ही नमाजाला जाऊन आलात आणि परत तोच काटा हातात घेतलात. डाव्या बाजूला ओढ जरा जास्त येत होती. ती तशीच ठेवली असती तर मला काय कळणार होतं? तुम्ही परत खोललंत.

चारही बेअरिंग, दोन्ही सील आणि मजुरी धरून जे बिल झालं ते त्या टायरांच्या निम्मंही नव्हतं. काढलेला माल पेपरात बांधून सीटखाली ठेवलात. मुलाने तो कप घासून अभ्यासाच्या टेबलावर ठेवलाय, येईल त्याला रेघा दाखवतो.

आमच्याकडे काम येणारी माणसं आहेत. समोरच्याला काही समजू शकतं असं धरून चालणारी कमी भेटली मला, दवाखान्यात नाही, कचेरीत नाही. तुम्ही भेटलात. तुमचा पोरगाही तसाच होतोय, ब्रेक दाबून धरल्यावर "सोडू का ताई?" असं त्याने मला विचारलं, तुम्हाला नाही.

पाऊस लागायच्या आधी सील बघायला गाडी आणा म्हणाला होतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. चाचींना लोणच्याला कैरी हवी होती ना? हापूसची नको, बांधावरच्या रायवळाची आणते. घट्ट आणि आंबट आहे यंदा.

तुमची,
कातळावरच्या बागेतली ताई