येडशीच्या माळावरच्या मंडळींना थँक्यू

रविवारी धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्याजवळच्या माळावर ज्यांनी आम्हाला रानझाडं दाखवत फिरवलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार, नावं मुद्दाम टाकत नाही कारण त्यांनाच ते आवडत नाही. तरवड रस्त्याकडेला रोज दिसतो, पण त्याच्या सालीनं कातडं कमावतात आणि जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून चराईच्या माळावर तो टिकून राहतो हे मामांनी किती छान समजावलं! माकडशिंगी या बुटक्या, मांसल खोडाच्या रानवनस्पतीला पानं जवळजवळ नसतातच, हिरव्या खोडातच अन्न तयार होतं आणि पाणी वाचतं, ती बघायला सगळे खाली गुडघ्यावर बसलो. शेळ्या राखणाऱ्या मावशींनी थांबून हिवराच्या झाडाची पांढरट साल दाखवली, पोरांना बोरं दिली, थँक्यू मावशी. आणि पाण्याचे जार वर आणून देणाऱ्या दादांचेही खूप खूप आभार, लहान लेकरं सोबत होती हो.