टायटॅनिकची इंजिने जुनाट नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टायटॅनिकवर आलेल्या लेखात असे विधान आहे की, क्युनार्ड या प्रतिस्पर्धी जहाज कंपनीने टर्बाइन (वाफेच्या झोताने पात्यांचे चाक फिरवणारे इंजिन) स्वीकारले असताना टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीने पैसे वाचवण्यासाठी जुनाट पिस्टनची इंजिने (वाफेने सिलिंडरमधला दट्ट्या वरखाली ढकलून चालणारी) बसवली. जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

इंजिनिअर चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या टर्बाइनवरच्या छोट्या जहाजाने 1897 मध्ये इंग्लंडमधील स्पिटहेडच्या नौदल संचलनात सर्वांसमोर वेगाचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हापासून प्रवासी जहाजांच्या मालकांपुढे पिस्टन की टर्बाइन, हा प्रश्न उभा होता. क्युनार्डने तो प्रत्यक्ष समुद्रात तपासला. 1905 मध्ये जवळजवळ सारखीच दोन जहाजे बांधून ‘कॅरोनिया’त पिस्टनची इंजिने आणि ‘कार्मेनिया’त टर्बाइन बसवण्यात आली. ‘कार्मेनिया’ सरस ठरली, आणि ‘लुसिटानिया’ व ‘मॉरेटानिया’ या क्युनार्डच्या मोठ्या जहाजांतही टर्बाइनच बसवण्यात आले. त्यांचा 25 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेग ब्रिटिश सरकारच्या 26 लाख पौंडांच्या कर्जावर आणि वार्षिक अनुदानावर उभा होता, आणि त्यासाठी ‘मॉरेटानिया’च्या भट्ट्यांत दिवसाला सुमारे 1000 टन कोळसा जात असे. व्हाइट स्टारने ही शर्यत धरलीच नाही. 21 नॉटचा वेग, अधिक मोठे जहाज आणि आरामशीर प्रवास हे त्यांचे गणित होते, आणि इंजिनाची निवड त्या गणितातून आली.

त्यांनीही आधी प्रयोग केला होता. 1909 च्या ‘मेगँटिक’मध्ये केवळ पिस्टनची इंजिने होती, तर तिच्या जोडीच्या ‘लॉरेंटिक’मध्ये पिस्टन आणि टर्बाइन दोन्ही होते. ‘लॉरेंटिक’ला कोळसा कमी लागला. हीच जोडणी पुढे ‘ऑलिंपिक’ व ‘टायटॅनिक’मध्ये मोठ्या प्रमाणावर आली. म्हणजे आपल्या लेखकाने ज्याला जुनाट म्हटले आहे, त्या जहाजात टर्बाइनही होते. लेखात त्याचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत अधिक खटकले.

या जोडणीतील खरी बुद्धी वाफेच्या वापरात आहे. बॉयलरमधून दर चौरस इंचाला 215 पौंड दाबाने निघालेली वाफ प्रथम 54 इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जाई, तेथून 84 इंचांच्या आणि शेवटी 97 इंचांच्या दोन सिलिंडरांत. दाब उतरतो तशी वाफ फुगते, म्हणून पुढचे सिलिंडर मोठे करावे लागते, आणि आठ फुटांहून रुंद सिलिंडरनंतर ते आणखी वाढवणे परवडत नाही. तेथे वाफेत सुमारे 9 पौंड दाब उरलेला असे, म्हणजे हवेच्या दाबाहूनही कमी. अशा विरळ वाफेतून काम काढण्यात टर्बाइनचा हात कोणी धरू शकत नाही. बाजूची दोन पिस्टनची इंजिने प्रत्येकी सुमारे 15,000 अश्वशक्ती देत, आणि त्यांनी टाकून दिलेल्या वाफेवर मधले टर्बाइन आणखी 16,000 काढत असे. त्याच बॉयलरांच्या वाफेतून एवढे अधिक काम काढण्याला निव्वळ पैशांची काटकसर म्हणणे अन्यायाचे आहे.

शिवाय त्या काळी टर्बाइन थेट प्रोपेलरच्या दांड्यावर बसवले जाई. टर्बाइनला वेगाने फिरायचे असते, प्रोपेलरला हळू, त्यामुळे दोघांनाही तडजोड करावी लागे. टर्बाइन उलटे फिरत नाही, म्हणून मागे जाण्यासाठी वेगळे टर्बाइन लागते. पिस्टनचे इंजिन मात्र पुढे जितके जोरकस, जवळजवळ तितकेच मागे. जहाज मागे घेताना टायटॅनिकचा मधला प्रोपेलर थांबत असे आणि सुकाणूवरचा पाण्याचा झोत त्यामुळे कमी होई, ही त्या रचनेची उणीव मी नाकारत नाही. पण हीच इंजिने ‘ऑलिंपिक’ने 1911 पासून 1935 पर्यंत चालवली.

माझी उमेदवारी मुंबईच्या गोदीत झाली. तेथील एका जुन्या टगवर (मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर) ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे वाफ तीन टप्प्यांत वापरणारे, पिस्टनचे इंजिन होते. त्यावरचा तेलवाला चालत्या क्रँकच्या फेरीशी हात जुळवून बेअरिंगला हाताची मागची बाजू लावी आणि ते तापले आहे की नाही ते सांगे. त्या इंजिनाला माणसाच्या हाताची सोबत होती.

आपल्या बंदरालाही ही इंजिने परकी नव्हती. 2 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज ज्या ‘मेदिना’तून मुंबईला उतरले, ज्या प्रसंगाचे स्मारक म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा आहे, ते पी अँड ओ कंपनीचे नवे कोरे जहाज पिस्टनच्या क्वाड्रुपल एक्स्पान्शन (वाफ चार टप्प्यांत वापरणाऱ्या) इंजिनांवर चालत होते. पोर्ट सैद, सुएझ, एडन असे थांबे आणि कालव्यातला संथ प्रवास असलेल्या मार्गावर ते इंजिन शोभणारे होते. 1929 च्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’त त्याच कंपनीने टर्बाइनवर वीज निर्माण करून विजेच्या मोटरींनी प्रोपेलर फिरवले, कारण तोवर वेळ आणि तंत्र दोन्ही बदलले होते.

तरी संबंधित विधानाची दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध करावी आणि टायटॅनिकच्या मधल्या टर्बाइनचा उल्लेख त्यात आवर्जून करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, माझगाव, मुंबई