मेमरी ‘खराब’ ठरवण्याआधी स्ट्रोब तपासा

महोदय,

कालच्या विज्ञान पुरवणीतला मेमरीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेनं, दुसऱ्यांदा माझ्याच नजरेतून काही सुटलं का हे बघायला. सुटलं नव्हतं. पानभर लेखात ‘स्ट्रोब’ (तारेवरचा डेटा नेमका कोणत्या क्षणी उचलायचा ते सांगणारा सिग्नल) हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि शेवटच्या चौकटीत सल्ला मात्र ठणकावून दिला आहे : डेटा चुकत असेल तर मेमरी खराब समजा आणि बदलून टाका.

या सल्ल्यापायी काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी मी बोर्ड तपासायचं काम करत होतो. तिथे एक बोर्ड रोज सकाळी उत्तम चालायचा आणि दुपारी चुकायला लागायचा. मेमरीत ५ए (सोळाच्या पायावरचा आकडा) लिहिलं की १ए परत यायचं. हे दोन आकडे बिटांमध्ये मांडून पाहा, फरक एकाच जागी सापडेल. सातव्या तारेवरचा १ वाटेत ० होत होता आणि दर वेळी त्याच तारेवर. पुरवठादार म्हणाला, मेमरी खराब आहे. मॉड्यूल बदललं. पुन्हा तेच. तीनदा बदललं. तिसऱ्यांदाही चूक तशीच राहिली तेव्हा ‘बसवताना स्टॅटिक लागली असणार’ असं ठरवून सगळं खापर जुळणीवरच्या मुलीच्या डोक्यावर फोडण्यात आलं. ती मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय बोर्डाला बोटही लावत नसे, हे मी शेजारच्या टेबलावरून रोज बघत होतो. तसं मी सांगितलंही. कुणी ऐकलं नाही.

शेवटी एका सकाळी, बोर्ड नीट चालू असताना, मी त्याच्यावर हेअर ड्रायर धरला. चार-पाच मिनिटांत १ए यायला लागलं. तोच पत्ता कितीही वेळा वाचला तरी १एच, म्हणजे चूक बहुधा वाचताना नव्हे, लिहितानाच होत होती. गार करणारा स्प्रे मारला आणि नव्यानं लिहिलं, तर पुन्हा ५ए. मग मेमरीच्या पायांशी ऑसिलोस्कोपचे (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचे) प्रोब लावले. डेटाचा ‘डोळा’, म्हणजे बिट स्थिर असतो तेवढा वेळ, चांगला उघडा होता, पण स्ट्रोबची कड त्याच्या मधोमध पडायला हवी ती सरकून कडेला टेकली होती. सातवी तार बाकीच्यांपेक्षा जराशी लांब, म्हणून पहिला फटका तिला बसला. मेमरी ठणठणीत होती. पहिलंही मॉड्यूल ठणठणीत होतं.

कारण असं. बोर्ड सुरू होताना कंट्रोलर (मेमरीत लिहिणारा-वाचणारा भाग) ‘ट्रेनिंग’ करतो. स्ट्रोब थोडा थोडा पुढे-मागे सरकवून चुका कुठून सुरू होतात ते दोन्ही बाजूंनी शोधतो आणि बरोबर मध्ये बसवतो. आमच्याकडे हे रोज सकाळी, बोर्ड थंड असताना व्हायचं. तापमान किंवा व्होल्टेज बदललं की सिग्नलचा विलंब बदलतो आणि स्ट्रोब मधून सरकतो. चालू असताना पुन्हा जुळवून घ्यायची सोय फर्मवेअरमध्ये (बोर्डातल्या कायमच्या प्रोग्राममध्ये) होती, पण ती बंद ठेवलेली होती. ती सुरू केली आणि बोर्ड दुपारीही बिनतक्रार चालू लागला. त्या मुलीची माफी कुणी मागितली नाही. हे मला आजही सलतं.

लेखात लिहिलंय की मेमरीचं सगळं गणित क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक ठोके देणाऱ्या सिग्नलच्या, वेगावर चालतं. तेवढ्यावर भागत नाही. डीडीआर मेमरीत (आजच्या संगणकांतली नेहमीची मेमरी) डेटाच्या तारांबरोबर स्ट्रोबच्या तारांची वेगळी जोडी धावते, आणि ‘डेटा आता उचल’ हे घेणाऱ्याला तीच सांगते. ३२०० वेगाच्या डीडीआर-४ मध्ये एका बिटाच्या वाट्याला ३१२.५ पिकोसेकंद (सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले ३१२.५) येतात. तेवढ्यात बोर्डावरच्या तारेतून सिग्नल जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. मदरबोर्डावर तारा नागमोडी का काढतात हे त्यातून कळतं : सगळ्यांची लांबी सारखी करायची असते. आणि ३२०० ‘मेगाहर्ट्झ’ असं जे छापलंय ते चूक आहे. क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा असतो, त्याच्या चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर डेटा जातो.

तुमच्या आकृतीत वाचताना आणि लिहिताना स्ट्रोब एकाच जागी काढलाय. लिहिताना कंट्रोलर तो बिटाच्या मधोमध ठेवून पाठवतो. वाचताना मात्र मेमरी तो डेटाच्या कडेशी कड जुळवून पाठवते, आणि पाव क्लॉकभर मागे ढकलून मध्ये आणण्याचं काम कंट्रोलरला आपल्या आत करावं लागतं. शिवाय दोन वाचनांच्या मधल्या काळात स्ट्रोबची तार कुणीच चालवत नसतं. त्या वेळी कंट्रोलरनं स्ट्रोब आत घेण्याचं दार लवकर उघडलं तर नुसता गोंगाट कड म्हणून मोजला जातो आणि पुढचा सगळा डेटा घसरतो. डीडीआर-३ पासून क्लॉक एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे असा ओळीनं जातो, त्यामुळे प्रत्येक चिपसाठी स्ट्रोब वेगळा जुळवावा लागतो. पानभर जागेत यातलं निदान एक वाक्य बसलं असतं.

सर्वांत घातक विधान डीडीआर-५ बद्दलचं. ‘आता चूक चिपमध्येच दुरुस्त होते, काळजी नको.’ चिपमधली ती सोय १२८ बिटांमागे ८ तपासणी बिट ठेवते आणि चिपच्या पोटात बिघडलेला एक बिट सुधारते. तारेवर चुकलेला बिट चिपपाशी पोचतो तेव्हा तिला तो खराच वाटतो. ती १ए इमानेइतबारे जपून ठेवेल आणि १एच परत देईल. आमच्या बोर्डावर ही सोय असती तरी दुपार तशीच चुकली असती, आणि दोष त्याच मुलीला लागला असता.

आपल्या पुरवणीचा मी जुना वाचक आहे. शाळकरी मुलं ती कापून वहीत चिकटवतात, म्हणून आकृती दुरुस्त करून पुन्हा छापावी ही विनंती. आणि ती पुरवणीतच, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात यावी. गेल्या खेपेस मी दाखवलेली चूक आपण अकरा दिवसांनी, आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली दोन ओळींत छापली होती. मलाही ती शोधून काढावी लागली.

आपला,
एक वाचक