सभात्यागात हरवतो तो उपप्रश्न

संपादक महोदय,

बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की घोषणा, हौद्यात उतरणे आणि सभात्याग याच बातम्या वाचायला मिळतात. प्रश्नोत्तराचा तास वाया गेला, ही ओळ मात्र तळाशी जाते. सीमाभागाचे खरे नुकसान तिथेच होते.

तारांकित प्रश्नाची ताकद छापील उत्तरात नसते. मंत्री उभे राहून बोलतात आणि आमदाराला लगेच उपप्रश्न विचारता येतो, त्यात ती असते. गोंधळात तास बुडाला की लेखी उत्तर फक्त सभागृहापुढे ठेवले जाते आणि उपप्रश्न कायमचा जातो. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात आणि सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. एवढी तयारी एका सभात्यागात मातीमोल होते.

प्रश्नाची भाषाही नेमकी हवी. 'मराठी शाळांची दुरवस्था शासनाला माहीत आहे काय?' याला 'माहिती घेतली जात आहे' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, असे विचारावे. उपप्रश्न तयारच हवा: अतिथी शिक्षक कोणत्या तारखेपर्यंत देणार? मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द आश्वासन म्हणून नोंदला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. संसदेत त्याच्या पूर्ततेला 3 महिन्यांची मुदत असते.

विरोध करणाऱ्याला द्रोही म्हणण्याची सवय आपल्याकडे फार आहे. 1977 च्या कायद्याने संसदेतील विरोधी पक्षनेत्याला पगार सरकारी तिजोरीतून मिळतो, तो सरकारला जाब विचारण्यासाठीच. 1967 पासून सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपदही विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. संविधानाच्या दारातून जाणाऱ्याच्या निष्ठेवर संशय घेणे अन्यायाचे आहे.

आमदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला आकडे गावातूनच मिळायला हवेत. प्रत्येक मराठी शाळेच्या एसडीएमसीने (शाळा विकास व देखरेख समितीने) मंजूर व रिकामी पदे, इयत्तावार पट आणि मोडकळीस आलेल्या खोल्या एका कागदावर लिहून, मुख्याध्यापकांची सही घेऊन, अधिवेशनाच्या महिनाभर आधी तो आमदारांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. दिवाळीची सुट्टी संपताच हे काम हाती घेतले, तर डिसेंबरच्या अधिवेशनासाठी प्रश्न वेळेत दाखल होऊ शकतात.

— एक वाचक, खानापूर