विद्यापीठांचे जमाखर्च एका आलेखावर येऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च महिन्यात विद्यापीठांच्या अधिसभांच्या (सिनेटच्या) अर्थसंकल्पीय बैठका होतात आणि दुसऱ्या दिवशी 'इतक्या कोटींचा अर्थसंकल्प, इतक्या कोटींची तूट' अशी बातमी छापून येते. पुण्याची बातमी पुणे आवृत्तीत, कोल्हापूरची कोल्हापुरात, नांदेडची नांदेडला. ही तूट इतर विद्यापीठांच्या मानाने मोठी की किरकोळ, गेल्या वर्षी दाखवलेली तूट खरोखर आली का, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि नोंदणीकृत पदवीधर म्हणून अधिसभेच्या निवडणुकीत मतदानही करतो. राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे जमाखर्च एका इंटरॅक्टिव्ह स्कॅटर प्लॉटवर लोकांपुढे यावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

असा आलेख काय दाखवू शकतो ते सांगतो. आडव्या अक्षावर अर्थसंकल्पात धरलेला खर्च घ्यावा, उभ्या अक्षावर त्याच वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च. प्रत्येक विद्यापीठ म्हणजे एक ठिपका. मधून 45 अंशांची रेषा ओढली की, ज्यांचा अंदाज आणि खर्च जुळला त्यांचे ठिपके रेषेवर बसतील आणि ज्यांनी मंजूर पैसा खर्चच केला नाही त्यांचे रेषेखाली. ठिपक्यावर बोट ठेवले की नाव आणि आकडे दिसावेत, वर्ष बदलले की ठिपके हलावेत. एखादे विद्यापीठ वर्षानुवर्षे रेषेच्या बरेच खाली राहत असेल, तर तिथली जाहीर झालेली तूट कागदावरचीच नाही ना, हा प्रश्न अधिसभेत कुणालाही विचारता येईल. यासाठी नवी माहिती गोळा करायची गरज नाही. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचे अंदाज अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत शेजारी शेजारी छापलेले असतातच. हलत्या ठिपक्यांतून आकडेवारी किती लोकांपर्यंत पोहोचते, हे स्वीडनचे आरोग्यतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांनी 2006 मधील त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानात जगाला दाखवले आहे.

खरी काळजी घ्यावी लागेल ती भागाकारात. 'दर विद्यार्थ्यामागे खर्च' हा आकडा ऐकायला सोपा, पण आपल्याकडे फार फसवा. मुंबई, पुणे, नागपूर ही संलग्न महाविद्यालयांची विद्यापीठे. तिथले बहुसंख्य विद्यार्थी महाविद्यालयांत शिकतात, शिक्षण शुल्क महाविद्यालयात भरतात, आणि विद्यापीठाशी त्यांचा पैशाचा संबंध येतो तो मुख्यतः परीक्षा शुल्कापुरता. विद्यापीठाचा सगळा खर्च या सगळ्या विद्यार्थ्यांवर वाटला, तर दरडोई आकडा हास्यास्पद इतका लहान येईल. फक्त आवारातील विभागांच्या विद्यार्थ्यांवर वाटला, तर तितकाच अवाढव्य. म्हणून परीक्षांचा जमाखर्च सर्व विद्यार्थ्यांवर आणि अध्यापनाचा खर्च केवळ आवारातील विद्यार्थ्यांवर भागावा. परीक्षा शुल्काची दरडोई जमा एका अक्षावर आणि परीक्षांवरचा दरडोई खर्च दुसऱ्यावर घेतला, तर विद्यार्थ्यांनी भरलेला पैसा परीक्षेवरच लागतो की दुसरीकडे वळतो, हे प्रत्येक पालकाला दिसेल. मला स्वतःला हा आलेख सर्वांत आधी पाहायचा आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 चे, गडचिरोलीचे गोंडवाना 2011 चे; आकारातही तसाच फरक. साध्या मोजपट्टीवर लहान विद्यापीठे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतील, तेव्हा लॉग स्केलची, म्हणजे सारख्या अंतरावर आकडा दहापट होत जाणाऱ्या मोजपट्टीची, सोयही हवी. मुदत ठेवींचे आकडे टाकताना तळटीप आवश्यक आहे. त्यांतला काही भाग निवृत्तिवेतनाचा असतो, काही देणगीदारांनी पारितोषिकांसाठी दिलेला असतो, आणि तो इतरत्र वापरता येत नाही. तसेच, पदे रिक्त राहिल्याने वेतनखर्च कमी झालेले विद्यापीठ काटकसरी ठरू नये, म्हणून मंजूर आणि भरलेल्या पदांचा आकडाही त्याच ठिपक्याबरोबर दिसला पाहिजे.

'एनआयआरएफ' या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीसाठी विद्यापीठे खर्चाची माहिती देतातच, असे कोणी म्हणेल. ती माहिती उपयोगी आहे, पण तिच्यात भांडवली खर्च मोजताना इमारतींचा खर्च वगळला जातो, आणि परीक्षा शुल्काची जमा तिथे दिसत नाही. शिवाय ती क्रमवारीसाठी गोळा होते. मला क्रमवारी नको आहे. सोलापूर मुंबईच्या वर की खाली, याला काही अर्थ नाही. समान आकाराच्या विद्यापीठांत एकाचाच ठिपका वेगळा का पडला, या प्रश्नाला अर्थ आहे.

ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाची आकडेवारी गोळा करणारी 'हेसा' ही संस्था (2022 पासून 'जिस्क' या संस्थेचा भाग) प्रत्येक विद्यापीठाचे उत्पन्न आणि खर्च ठरावीक शीर्षांखाली, कुणालाही उतरवून घेता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करत आली आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर कोणते विद्यापीठ किती विसंबून आहे, हे तिथे आकड्यांवरून काढता येते. आपल्या मुलांना तिकडे पाठवणाऱ्या पालकांनीही ते जरूर पाहावे. याउलट अमेरिकेत सरकारी आणि खासगी विद्यापीठांची हिशेबाची मानके वेगवेगळी असल्यामुळे त्यांची थेट तुलना अवघड जाते. आपल्याकडे तशी सबब नाही. राज्यातील बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना 2016 चा एकच कायदा लागू आहे आणि प्रत्येकात वित्त व लेखा अधिकारी आहे.

उच्च व तंत्रशिक्षण विभागाने जमाखर्चाच्या शीर्षांचा एक समान नमुना ठरवून द्यावा. विद्यापीठांनी मागील पाच वर्षांचे आकडे त्या नमुन्यात, स्कॅन केलेल्या पानांऐवजी स्प्रेडशीटच्या फाइलमध्ये, संकेतस्थळावर ठेवावेत. एवढे झाले तर आलेख आमचे विद्यार्थीही काढतील, त्यासाठी लागणारी साधने फुकट मिळतात. अधिसभेवर निवडून गेलेल्या पदवीधर आणि शिक्षक सदस्यांनी पुढील बैठकीत तसा ठराव मांडावा, आणि आपल्या वृत्तपत्रानेही अर्थसंकल्पाच्या बातमीसोबत निदान मागील वर्षाच्या अंदाजाचा व प्रत्यक्ष खर्चाचा आकडा शेजारी शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर मतदार, सातारा