ट्रान्सपॉन्डर दिलात, आता रडार वाचायलाही शिकवा

माननीय केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
सादर नमस्कार.

बडोद्याला समुद्र नाही. तरी दांडिया बाजारात बसून मी रडारबद्दल लिहितोय, कारण ३० वर्षं बोटींवरची यंत्रं दुरुस्त करत गुजरातच्या किनाऱ्यावर फिरलो. घरात मराठी, बंदरावर गुजराती, आणि रडारची पुस्तिका मात्र इंग्रजीत.

गेल्या वर्षी एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, बोलावलं. रडार बिघडलंय, लहान होड्या दाखवतच नाही, अशी तक्रार. बंदराबाहेर गेलो. पाहतो तर सी-क्लटरचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं! लाटांचे ठिपके कमी करायला ते असतं, पण जास्त पिळलं की जवळची लाकडी होडीही पुसली जाते. मी बटण हळूहळू मागं घेतलं. पडद्याच्या मधोमध बाजरी सांडल्यासारखं झालं, आणि त्यात एक ठिपका दर फेरीला तिथंच उमटायला लागला. तांडेलानं खिडकीबाहेर पाहिलं. समोर खरंच होडी होती. ‘मला वाटलं, पडदा स्वच्छ म्हणजे रडार चांगलं,’ तो म्हणाला. दुरुस्तीचे पैसे कसले घेणार? चहा घेऊन परतलो.

१ लाख नौकांवर मोफत ट्रान्सपॉन्डर बसवण्याची आपली योजना चांगलीच आहे. पण तो बोटीचा ठावठिकाणा किनाऱ्याला कळवतो. धुक्यात पुढ्यात काय आहे, ते तांडेलाला रडारच सांगणार, आणि तेही वाचता आलं तर. पडद्यावरची दिशारेषा समोरच्या ठिपक्यावर ठेवायची नि दर तीन मिनिटांनी बघायचं. ठिपका रेषेवरूनच आत सरकत असेल तर टक्कर ठरलेली. एकदा बघून अंदाज बांधायचा नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियमही रडारच्या अपुऱ्या माहितीवर विसंबू नका असंच बजावतो. १९५६ साली ‘आंद्रेया दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं, तरी आदळलीच.

हे शिकायचं ते लख्ख उन्हात, डोळ्याला दिसणारं पडद्याशी जुळवत. आमच्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या वर जातो. सकाळी पडद्यावर दिसलेला वाळूचा दांडा दुपारी पाण्याखाली असतो. धुक्यात पहिल्यांदा बटणं चाचपणाऱ्याला हे कोण सांगणार?

सयाजीरावांनी १८९० मध्ये इथं कलाभवन काढलं, तेव्हा कारागिरांना यंत्रविद्या त्यांच्याच भाषेत शिकवली. आपणही बंदरांवर तसे वर्ग काढावेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बटणं समजावून द्या. बोटी सुटल्या की दोन दिवस समुद्रात सराव घ्या. शिकवायला निवृत्त तांडेल घ्या, माझ्यासारखे मिस्त्री घ्या. प्रमाणपत्र नाही दिलंत तरी चालेल.

पुस्तिकेचा गुजराती आणि मराठी तर्जुमा मी सुरू केलाय. ४० पानं झाली आहेत. हवी असतील तर विनामूल्य पाठवतो.

आपला,
एक रडार-मिस्त्री
दांडिया बाजार, बडोदे