मीठ फुटण्याआधी रानाचा नकाशा द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. खोडवा तुटून गेला की उन्हाळ्यात आमच्या रानाच्या खालच्या अंगाला पांढरा थर येतो. चिमूटभर जिभेवर ठेवला तर खारट लागतो. आधी तो चार सऱ्यांपुरता होता, आता पाऊण एकरात उसाचा कोंब टिकत नाही. त्याच गटात वरच्या अंगाला मात्र ऊस डोक्याच्या वर जातो.

गेल्या खेपेला नमुना घ्यायला आलेल्या माणसाने बांधालगतची माती पिशवीत भरली. माती तपासणीच्या पत्रिकेवर क्षारता सामान्य आली. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत 12 घटक तपासतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, म्हणजे सव्वासहा एकर. आमच्याकडे तेवढ्यात चार-पाच जणांची रानं येतात!

सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात, तीही फुकट. त्यातली सर्वात बारीक चौकट 10 मीटर बाय 10 मीटरची, म्हणजे जवळपास एक गुंठा. मिठाचा थर उघड्या काळ्या रानात उजळ उठून दिसतो. ऊस उभा असला, तरी दरवर्षी त्याच जागी खुरटणारं पीक ओळखता येतं. उपग्रहाला मातीची वरची कातडीच दिसते, हे मला माहीत आहे. पाचट पसरलं किंवा ढग आले की तेही नाही, आणि जस्त किती ते प्रयोगशाळेनेच सांगायचं. पण खड्डा कुठे घ्यायचा, हे नकाशा सांगेल.

म्हणून मागणी एवढीच: दर मे महिन्यात गट नंबरनुसार क्षारपडीचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा आणि नमुने त्यावरून घ्या. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही तिथेच. ई-पीक पाहणीमुळे गट नंबर मोबाईलवर आलेच आहेत.

रानातलं खारं पाणी काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालतात, पण ते एकट्याने घालून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या प्रत्येकाच्या रानातून जावं लागतं. आज मी शेजाऱ्याला सांगायला गेलो, तर तो म्हणतो, "माझ्याकडे कुठं मीठ फुटलंय?" नकाशा हातात असला की आम्ही सगळे एकत्र बसू. त्याचं रान अजून काळंभोर आहे, ते वाचवायला वेळ आहे.

आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक शेतकरी